आता बरं, की आधी बरं?

समजा, तुम्ही एका उंच खुर्चीत बसला आहात. पाय जमिनीला टेकत नाहीत. नाकावर तपासणीची जड फ्रेम आहे, समोरच्या भिंतीवर अक्षरांचा तक्ता आहे आणि तुमच्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर एक वयस्क, अतिशय सभ्य चेहरा आहे. तो भिंगावर "हाः" करून वाफ सोडतो, मऊ फडक्याने ते पुसतो, फ्रेममध्ये बसवतो आणि विचारतो, "आता बरं, की आधी बरं?" आणि नेमका त्याच वेळी तुम्हाला प्रश्न पडतो, की श्वास घ्यावा की घेऊ नये. तुम्ही काय कराल?

गावातल्या लोकांनी केलं तेच. "आताच बरं, अगदी छान," असं म्हणून खुर्चीतून उतराल आणि रस्त्यावर जाऊन पोटभर हवा घ्याल.

हा चेहरा होता चष्मेवाल्या आजोबांचा. तीस वर्षांत त्यांच्या हातून एकही चुकीचा नंबर गेला नव्हता. पण सहा महिन्यांपूर्वी पाण्याचा तांब्या कलंडला आणि तयार भिंगांच्या खोक्यात पाणी शिरलं. त्या दिवसापासून आजोबांनी दुकानात पाणी आणणंच बंद केलं. सकाळी नऊ ते संध्याकाळी सात त्यांच्या घशाखाली थेंब उतरत नसे. शिवाय कुणीतरी सांगितलं म्हणून रोज सकाळी लसणाच्या दोन कच्च्या पाकळ्या चावून खायच्या. दात ते नेमाने घासत, पण जीभही घासायची असते हे त्यांच्या गावीही नव्हतं. या तिन्हींचं मिळून जे झालं, ते आजोबा सोडून सगळ्यांना कळलं.

सगळ्यात आधी कळलं ते नातीला. आजोबा तिला स्क्रू म्हणत, कारण चष्म्यातली सगळ्यात बारीक वस्तू तीच आणि ती हरवली की बाकीचं सगळं गळून पडतं. शाळा सुटली की स्क्रू दुकानातल्या स्टुलावर बसून अभ्यास करी. गिऱ्हाईक श्वास कोंडून कसं लाल होतं आणि न दिसणारी अक्षरं दिसतात असं कसं सांगतं, हे ती रोज पाहत होती. तिने आईला सांगितलं. आई म्हणाली, की मोठ्यांना असं तोंडावर बोलायचं नसतं.

तेव्हा स्क्रूने आडवळणाने जायचं ठरवलं. शाळेत दातांच्या डॉक्टरीणबाई आल्या होत्या, त्यांना तिने मैत्रिणीच्या आजोबांचं म्हणून सगळं विचारून घेतलं. तोंड कोरडं पडलं की वास येतो, म्हणून पाणी प्यायचं. जिभेवरचा थर रोज काढायचा. गाजर, सफरचंद असं कचाकचा चावून खायचं. मिठाच्या कोमट पाण्याने गुळण्या करायच्या. बडीशेपेने वास नुसता झाकतो, तोही थोडा वेळ. आणि एवढं करूनही गेला नाही, तर दात दाखवायला यायचं.

दुसऱ्या दिवशी स्क्रूने गाजराच्या फोडी आणून आजोबांपुढे ठेवल्या. आजोबांना भरून आलं. गाजर डोळ्यांना चांगलं, पोरीला धंदा कळायला लागला, असं म्हणत त्यांनी त्या गिऱ्हाइकांना वाटल्या. तिने आणलेली बडीशेपेची वाटी त्यांनी दाराशी ठेवली. लोक जाताना मूठभर घेत आणि मनापासून आभार मानत. मग तिने खाऊच्या पैशांतून जीभ साफ करायची तांब्याची पट्टी आणून कागदात गुंडाळून दिली. आजोबांनी ती उजेडात धरली, वाकवून पाहिली आणि इतकं सुबक हत्यार आजवर कुठे मिळालं नव्हतं म्हणून चष्म्याच्या काड्या वाकवायला वापरायला घेतली.

इकडे चष्मे आपलं काम करत होते. पोस्टमनने महिनाभर दोन शेजाऱ्यांची पत्रं अदलाबदल करून टाकली आणि दोन्ही घरांना एकमेकांचं नको तेवढं कळलं. शिंप्याने एका सदऱ्याला दोन्ही बाह्या डाव्याच लावल्या. शाळेतल्या बाईंनी हजेरी एक ओळ खाली घेतली, त्यामुळे गावाला गेलेली मुलगी हजर झाली आणि समोर बसलेली गैरहजर. एकेक करून सगळे चष्मे परत आले. आजोबांनी तक्ता नवा आणला, दिवा बदलला, खुर्ची मोजून चार बोटं पुढे घेतली. त्यामुळे लोक आणखी घाईत "छान" म्हणू लागले.

शुक्रवारी आजोबांनी स्क्रूच्या आईला सांगितलं, की आपलं वय झालं. नजर गेली असावी किंवा हात. चुकीचा चष्मा देण्यापेक्षा दुकान बंद केलेलं बरं, उद्या कुलूप लावायचं. मग त्यांनी स्क्रूला खुर्चीत बसवलं. तिचे डोळे उत्तम आहेत हे त्यांना ठाऊक होतं. तिचीही तपासणी चुकली, तर शंकाच उरली नसती.

फ्रेम चढली. "हाः" झालं. स्क्रूच्या डोळ्यांत पाणी आलं.

"आता बरं, की आधी बरं?"

"छान" हा शब्द तिच्या जिभेवर आला होता. तो तिने गिळला.

"आजोबा, दोन्ही वेळा सगळं दिसतं. पण श्वास घेता येत नाही."

आजोबांनी हातातलं भिंग खाली ठेवलं.

"कुणालाच घेता येत नाही. म्हणून सगळे हो म्हणतात आणि पळतात."

आजोबांनी फडक्याची नीट चौघडी केली. "किती दिवस झाले?"

"सहा महिने. तांब्या सांडला तेव्हापासून."

आजोबा बोटांवर काहीतरी मोजत राहिले. पोस्टमन, शिंपी, बाई. सगळे त्याच सहा महिन्यांतले. "म्हणजे माझी नजर शाबूत आहे म्हणतेस?"

तिने मान हलवली. आजोबांना इतका आनंद झाला, की ते तिला जवळ घ्यायला पुढे वाकले आणि तेवढ्यात भान येऊन दोन पावलं मागे सरले.

कुलूप लागलं नाही. लसूण बंद झाली. पाण्याचा माठ मागच्या खोलीत, भिंगांपासून लांब, आला. तांब्याची पट्टी उकळत्या पाण्यातून काढून तिच्या खऱ्या कामाला लागली. भिंग पुसायला फवाऱ्याची बाटली आणली. डॉक्टरीणबाईंनी एक किडलेली दाढही शोधून काढली. रोज सकाळी आजोबा स्क्रूपुढे उभे राहून श्वास सोडत आणि गंभीरपणे विचारत, "आता बरं, की आधी बरं?" ती दोनदा हुंगून खरं ते सांगे. पंधरवड्याने ती म्हणाली, "आता बरं." आजोबांनी नंबर चुकलेल्या सगळ्यांना पुन्हा तपासणीला बोलावलं, फुकट.

पहिले आले पोस्टमन. सकाळपासून उन्हात सायकल मारत आले होते, ओठ सुकलेले, आणि न्याहारीला कांदा बराच खाल्लेला असावा. ते खुर्चीत बसले. आजोबा भिंग घेऊन त्यांच्या तोंडाजवळ वाकले आणि तसेच थांबले.

"वरच्या दोन ओळी दिसतायत ना?" आजोबा श्वास न घेता म्हणाले. "मग झालं. छान. लिहून टाकतो."

"बास? खालच्या नको का वाचायला?" पोस्टमन म्हणाले.

"काही गरज नाही," आजोबा खिडकीकडे तोंड करून म्हणाले.

स्क्रूने वहीतून मान वर केली. पत्रं पुन्हा शेजारच्या घरी जाणार हे तिला स्पष्ट दिसत होतं. आजोबांनी तिच्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा हळूहळू लाल होत होता, पण ते तोंड उघडायला तयार नव्हते.

स्क्रू स्टुलावरून उतरली. मागच्या खोलीत जाऊन तिने तीन पेले काठोकाठ भरले. एक पोस्टमनकाकांच्या हातात दिला, एक आजोबांच्या, आणि कुणासाठी पाणी आणलंय हे कुणाला कळू नये म्हणून, तहान नसतानाही, तिसरा सगळ्यांच्या आधी स्वतःच्या तोंडाला लावला.