एक्केचाळीस जणांचं पाकीट

"कुणाला वगळायचं नाही, एवढंच ना? अहो मॅडम, गेली तीस वर्षं मी दुसरं काय करतोय!"

असं म्हणून दामाजी भोईरने छातीवर अशी थाप मारली, की खिशातला चष्मा जागच्या जागी वारला!

दामाजीचा मानपाड्याला सॅनिटरी पॅडचा छोटा कारखाना. मालाचं नाव 'मंजुळा', म्हणजे बायकोचंच. पाकीट गुलाबी, त्यावर गुलाबी गुलाब आणि गुलाबांच्या मधोमध साक्षात मंजुळाबाई, नऊवारीत, हसतायत. खाली ओळ, 'फक्त तिच्यासाठी'. अकरा वर्षं हे पाकीट मेडिकलवाले वर्तमानपत्रात गुंडाळून, वर काळी पिशवी चढवून विकत आलेले, त्यामुळे मंजुळाबाईंचं ते हसू विकत घेणाऱ्या बायकांपलीकडे कुणी पाहिलेलं नव्हतं. आणि गावात तर बोलायलाच नको. दामाजीच्या गावातले पुरुष बैलांवर बोलतील, क्रिकेटवर बोलतील, जमिनीच्या केसवर तर आजोबांपासून सुरुवात करतील. पण दामाजी बनवतो काय, हे एकाच्याही तोंडून कधी निघालं नाही. "दामाजीचा कापसाचा धंदा हाय," बस! निम्म्या गावाची तर खरोखर समजूत होती, की तो गाद्या भरतो.

तर समोर बसलेल्या ऐश्वर्या मॅडम घोडबंदर रोडवरच्या एका टोलेजंग कंपनीतून आलेल्या. सकाळी दहाची वेळ ठरलेली, ट्रॅफिकमधून पोचेपर्यंत दीड वाजला. कंपनीच्या चौदा ऑफिसांतल्या टॉयलेटांत ठेवायला पॅड हवी होती. ऑर्डर मिळाली तर दामाजीचं नवं मशीन चालणार. नाही मिळाली तर मशीनवर ताडपत्री आणि पॅकिंगच्या सहा बायका घरी. त्या सहाजणींना कामावर आणलेलं मंजुळाबाईंनी. म्हणजे ऑर्डर हुकली तर त्या सहाजणींबरोबर दामाजीचंही रात्रीचं जेवण जाणार, हे उघड होतं!

"माल आम्हाला आवडलाय," ऐश्वर्या म्हणाली. "अडचण पाकिटाची आहे. हे गुलाबी, हे 'फक्त तिच्यासाठी'... पाळी येणारा प्रत्येक जण स्वतःला बाई म्हणवत नाही, काका. काही पुरुषही असतात."

"पुरुष?"

"मी आहे. जन्म मुलीचा, पण मी पुरुष," तिच्या शेजारी बसलेला, तिच्याच ऑफिसातला सुमित म्हणाला. कोरलेली दाढी, चौकड्यांचा शर्ट, मांडीवर डब्याची पिशवी.

दामाजी समोरचं पाणी प्यायला. मग सुमितच्या पुढ्यातलंही प्यायला.

मंजुळाबाई दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "एवढा घाम कसला पुसताय? त्याला पॅड लागतं, आपण पॅड बनवतो. सुमितदादा, साखर किती टाकू चहात?"

"एक चमचा, काकी."

झाला विषय! निदान मंजुळाबाईंपुरता तरी. ऐश्वर्याने मग पिशवीतून चौदा पानांचा एक गठ्ठा काढला. "आमच्या समावेशन समितीने शब्द सुचवलेत. 'मासिक प्रवासातील सर्व सहप्रवाशांसाठी'. किंवा मग 'चक्रानुभवी व्यक्तिमत्त्वांसाठी'. सात मीटिंगा झाल्या यावर!"

"त्यातल्या एकाही मीटिंगला मला बोलावलं नव्हतं," सुमित म्हणाला.

"अरे, तुझ्या भावना दुखावतील म्हणून!"

दामाजीने गठ्ठा उलटा धरून पाहिला, सुलटा धरून पाहिला. "मॅडम, थोडक्यात सांगा."

"थोडक्यात, कुणालाच वगळायचं नाही. पाकीट बघून सगळ्यांना वाटलं पाहिजे, की हे माझं आहे."

आणि इथे दामाजीने ती सुप्रसिद्ध थाप मारली.

त्याचंही चुकलं नाही हो! गावाचा कुठलाही बॅनर असो, गावदेवीची जत्रा, कुणाचा वाढदिवस, टेनिस बॉलचे सामने, फोटो गोळा करायचं काम तीस वर्षं दामाजीकडे. आणि बॅनरवरून माणूस वगळणं म्हणजे काय, हे ज्याने भोगलंय त्यालाच ठाऊक. एका जत्रेला भजनी मंडळाच्या भिवादादांचा फोटो राहून गेला, तर भिवादादांनी दोन वर्षं देवीकडे पाठ करून मृदंग वाजवला! तेव्हापासून दामाजीच्या बॅनरवर सगळे म्हणजे सगळे असायचे. अगदी काल जन्मलेलं पोरसुद्धा. आता सगळे म्हणजे सगळे पुरुषच, हे वेगळं सांगायला नको. बॅनरवर बाई एकच असायची, गावदेवी.

"अहो, त्या मॅडमना एकदा विचारून घ्या नक्की काय पायजे ते," मंजुळाबाई रात्री पोळ्या लाटता लाटता म्हणाल्या.

"तू आतलं पॅड बघ, बाहेरचं पाकीट मी बघतो! ती काय बोलली? कुणाला वगळू नका. पुरुषपण असतात. आता पुरुषांत मी कुणाला घेऊ आणि कुणाला सोडू? सगळ्यांनाच घेतो!"

दुसऱ्या दिवशी गावात बातमी, दामाजीशेठला मोठ्या कंपनीची ऑर्डर, पाकिटावर गावकऱ्यांचे फोटो! कसलं पाकीट, हे कुणी विचारलं नाही. विचारणार कसं? विचारलं तर उत्तर ऐकावं लागलं असतं! संध्याकाळपर्यंत दामाजीच्या मोबाईलवर एवढे फोटो आले, की मोबाईल गरम होऊन त्याची मांडी भाजली. कुणी गॉगल लावून, कुणी बुलेटवर बसून, कुणी सोन्याच्या साखळ्या शर्टाबाहेर काढून.

भाऊ म्हात्रे, जे तीन निवडणुकांपासून 'भावी नगरसेवक' होते, ते तर जातीने आले. "दामाजी, माजा फोटू मधी. फोन कानाला लावलेला. आन् बाकीच्यांपेक्षा दीडपट!"

"भाऊ, तुम्ही सांगायच्या आधीच तुम्हाला मधी ठेवलाय."

"पाकीट जानार कुठंकुठं?"

"चौदा ऑफिसांत. शिवाय कल्याण, डोंबिवली, ठाणं. घराघरात जाणार, भाऊ! एकदम आतपर्यंत!"

भाऊंच्या डोळ्यांत पाणी आलं.

फ्लेक्सवाल्या रतनने संगणकावर फोटो बसवले. एक्केचाळीस! वर मुरब्बी मंडळी, खाली तरुण, मध्ये भाऊ फोनवर बोलतायत. मंजुळाबाईंना हलवून हलवून शेवटी खालच्या कोपऱ्यात, पोस्टाच्या तिकिटाएवढ्या जागेत बसवलं. आणि वरती भगव्या अक्षरांत, 'आपल्या सर्वांच्या हक्काचं पॅड!' पण ती ओळ भाऊंच्या फेट्याच्या तुऱ्यामागे अशी गेली, की वाचायला मान वाकडी करावी लागे.

"शेठ, नमुना म्हणून पाच-पन्नास पाकिटं निघत नाहीत," रतन म्हणाला. "दहा हजारांच्या खाली मशीनच लागत नाही."

"मग काढ दहा हजार! मॅडमना आवडणारच!"

शुक्रवारी ऐश्वर्या आणि सुमित नमुना बघायला येणार होते. गुरुवारी दामाजीला दम निघाला नाही. त्याने नाक्यावरच्या मेडिकलात दोनशे पाकिटं नेऊन दिली. मेडिकलवाल्याने पाकिटावर भाऊंना पाहिलं आणि तो घाबरला. भाऊंचा फोटो वर्तमानपत्रात गुंडाळायचा? उद्या दुकानापुढे खड्डा खणतील! त्याने सगळी पाकिटं वेफर्ससारखी दोरीला लावून दारात लटकवली.

शुक्रवारी सकाळी भाऊ पित्ताची गोळी घ्यायला आले, तर दारात दोनशे भाऊ वाऱ्यावर डोलतायत! त्यांचं पित्त जागेवर बसलं. त्यांनी एक पाकीट छातीशी धरलं, एक डोक्यावर ठेवलं, फोटो काढला आणि स्टेटसला टाकला, 'आपल्या सेवेत, प्रत्येक घरात, दिवसरात्र.' दोन तासांत चारशे लोकांनी पाहिला. पुरुषांनी हात जोडले, हार घातले, फटाके फोडले, अर्थात मोबाईलमधले. बायका मात्र एकजात गप्प! गावात त्या दिवशी बारा घरांची डाळ करपली, कारण चुलीपुढच्या बाया पोट धरून बसल्या होत्या.

शेवटी भाऊंच्या पत्नी हेमावहिनींनीच तोंड उघडलं. "अवो, तुमी डोक्यावर घेतलाय तो काय हाय, ठाव हाय का?"

"दामाजीचा कापूस!"

हेमावहिनींनी पाकीट फाडून एक पॅड काढलं, उलगडलं आणि भाऊंच्या ताटाशेजारी ठेवलं. भाऊंनी हातातला घास ताटात टाकला. मग उठले, चप्पल न घालताच.

इकडे कारखान्यात दामाजीने पाकिटांवरचा रेशमी रुमाल झोकात ओढला. "बघा मॅडम! एक माणूस सुटलेला नाही!"

ऐश्वर्याने पाकीट हातात घेतलं. तिचा चेहरा असा झाला, जसा लिफ्ट मधेच अडकल्यावर होतो. "काका... हे कोण आहेत?"

"सगळे!"

"यात बाई कुठाय?"

"ही काय, कोपऱ्यात. भिंग आणू का?"

सुमितने पाकीट शांतपणे न्याहाळलं. बोटाने मोजलं. "एक्केचाळीस जण आहेत, काका. यातल्या एकालाही पाळी येत नाही."

"माझीपण जाऊन सहा वर्षं झाली," मंजुळाबाई म्हणाल्या.

"पण मॅडमच बोलल्या ना, पुरुषपण..." दामाजी अडखळला.

"काका, मी मेडिकलात जातो ना, तेव्हा दुकान रिकामं व्हायची वाट बघत बाहेर उभा राहतो. गुपचूप पाकीट घ्यायचं असतं मला. आणि तुम्ही एक्केचाळीस माणसं माझ्याकडे बघायला बसवलीत! त्यातला एक तर फोनवर कुणाला तरी सांगतोयसुद्धा!"

तेवढ्यात फाटक धाडकन उघडलं आणि पाकिटावरची मंडळी एकेक करून प्रत्यक्ष आत आली! पुढे भाऊ अनवाणी, मागे भिवादादा, मागे गॉगल, मागे बुलेट. ऐश्वर्या एकदा पाकिटाकडे बघे, एकदा दाराकडे.

"यो काय केलास, दामाजी!" भाऊ गरजले. "आता मी परचाराला कुठल्या तोंडानं जाऊ?"

"माजा फोटू काढ!"

"माजा आधी काढ!"

"मी वयानं मोठा हाय, पयला माजा काढ!" भिवादादा म्हणाले.

तीस वर्षांत फोटो काढा म्हणून भांडायला आलेलं गाव दामाजी प्रथमच बघत होता. डोळ्यांपुढे नव्या मशीनवर ताडपत्री दिसायला लागली. पॅकिंगच्या सहाजणी हात थांबवून त्याच्याकडेच बघत होत्या.

"काका, सॉरी," ऐश्वर्या पर्स उचलत म्हणाली. "हे आमच्या समितीला मी दाखवूसुद्धा शकत नाही."

"थांब गं पोरी," मंजुळाबाई पुढे झाल्या. "आणि तुम्ही सगळे गप्प बसा! आईच्या पोटातनं कापूस गुंडाळून आल्यासारखे लाजताय कसले? भाऊ, खुर्चीत बसा, तळवे भाजले असतील." भाऊ बसले. "सुमितदादा, तू सांग. दुकानात गेल्यावर तुला पाकिटावर काय बघायचं असतं?"

सुमित जरा गोंधळला. हे त्याला पहिल्यांदाच कुणी विचारत होतं. "आत काय आहे. साईझ कुठली. किती आहेत. वापरून झालं की कसं टाकायचं. बस."

"मलापण तेवढंच बघायचं असायचं. फोटो कुणाचाच नको?"

"कुणाचाच नको, काकी. तुमचापण नको, राग मानू नका."

"राग कसला!" मंजुळाबाई नवऱ्याकडे वळल्या. "अकरा वर्षं मी मासळीला गेले तरी कोळणी मला ओळखतात आणि पापलेटाबरोबर पाळीच्या तक्रारी ऐकवतात! काढा तो फोटो, म्हणून किती वेळा बोलले मी?"

"मला वाटलं, लाजतेस," दामाजी पुटपुटला.

मंजुळाबाईंनी एक कोरं पांढरं पाकीट घेतलं आणि मार्करने लिहिलं, 'सॅनिटरी पॅड. मोठी. आठ.' मागे दोन ओळी, कसं लावायचं, कसं टाकायचं. ऐश्वर्याने ते पाहिलं. पुन्हा पाहिलं. सात मीटिंगा आणि चौदा पानं तिच्या चेहऱ्यावरून सरसरत गेली.

"एवढंच?" ती म्हणाली.

"एवढंच. आणि तुमच्या पुरुषांच्या संडासात झाकणाचा डबा आहे का?"

ऐश्वर्याने सुमितकडे पाहिलं. सुमितने मान हलवली. नाही!

"मग आधी तो ठेवा. नायतर पोरगा वापरलेलं पॅड काय डब्याच्या पिशवीतनं घरी नेणार?"

ऐश्वर्याने तिथल्या तिथे फोन लावला. समितीने आठवी मीटिंग घ्यायची धमकी दिली, पण ऑर्डर पक्की झाली. सहाजणींनी नवं मशीन असं काही सुरू केलं, की भाऊंचा निषेध कुणाला ऐकूच आला नाही.

छापलेल्या दहा हजारांचं काय, म्हणाल, तर तीही महिन्याभरात संपली. गावातल्या बायकांनी हट्टच धरला, आम्हाला आमच्या नवऱ्यांचीच द्या. "महिन्यातले चार दिवस तरी हे कामाला येतील," हेमावहिनी म्हणाल्या आणि दोन डझन घेऊन गेल्या. उरलेली पुरुषांनीच विकत घेतली, कुणी बघायच्या आत. आयुष्यात पहिल्यांदा!

त्या शुक्रवारी संध्याकाळी दामाजी दमून खुर्चीत टेकला, तोच दार पुन्हा वाजलं. मोहन्याहून त्याचा साडू धाकू आलेला, फुगलेला, हातात एक फोटो.

"सगळ्या गावाला पाकिटावर घेतलंस, दामाजी. मी मोहन्याला राहतो म्हणून परका झालो?"

"धाकू, अरे ते पाकीट कसलं होतं, माहिताय का तुला?"

"सगळं माहिताय! मला पॅडशी काय करायचंय? मला वगळलंस, ते बोल!"

दामाजीने मोठा श्वास घेतला. नवं पांढरं पाकीट त्याच्या हातात ठेवलं आणि दिवसभरात जे कमावलं होतं ते सगळं शहाणपण आवाजात आणून म्हणाला, "हे बघ. ह्याच्यावर कुणीच नाही. म्हणजे कुणालाच वगळलेलं नाही. सगळे आले!"

धाकूने पाकीट पुढून पाहिलं, मागून पाहिलं, दिव्याकडे धरून पाहिलं. त्याचा राग हळूहळू उतरला. चेहरा उजळला.

"मग माझा एकट्याचा टाक की! जागा तर भरपूर दिसतेय!"