उजव्या बाजूची मंजुरी

"तू काई बोलूच नको! कचेरीतले समदे माह्या ओळखीचे हायेत. असा जातो अन् मंजुरी घेऊन असा येतो!" उकंडरावांनी टोपी चढवत बायकोला सांगितलं.

त्यांची बायको गीताबाई जानेफळच्या शाळेत मास्तरीण. त्यांची उजवी बाजू डावीपेक्षा भलतीच जड होती. तो फरक इतकी वर्षं पदराआड झाकून गेला. पण आता खांदा असा धरायचा, की फळ्यापर्यंत हातच जाईना! ऑपरेशन करून वजन कमी करू, असं नागपूरचे डॉक्टर म्हणाले. मास्तरांच्या औषधपाण्याचा खर्च सरकार देत असे. फक्त शिक्षण खात्याच्या कचेरीची आधी मंजुरी लागायची.

उकंडराव कारकून शेषरावांपुढे जाऊन उभे राहिले आणि टोपी काढून डोकंच खाजवू लागले! शेवटी "ते... छातीचं दुखणं हाये," एवढं पुटपुटून ते परत फिरले.

लवकरच शाळेत कचेरीचा हुकूम आला, गीताबाईंना क्षय झाला आहे, त्यांनी शाळेत पाऊल ठेवू नये! हेडमास्तरांनी तर बाईंचा चहाचा कप चिमट्यानं उचलून खिडकीबाहेर टाकला.

गीताबाई नवऱ्याला पुढे घालून तडक कचेरीत गेल्या.

"मले टीबी कोनं केला?"

"तुमचे मालकच छातीचं म्हनले ना," शेषराव चाचरले.

"छाती म्हंजे फुफ्फुसच राह्यते का? माहा एक स्तन दुसऱ्याच्या दुप्पट हाये! दोन अक्षरी शब्द, तोंडातून निंघत नाई कोनाच्या?"

टाइपरायटर थांबले. उकंडराव भिंतीवरच्या नकाशात आपलाच मेहकर तालुका शोधू लागले.

शेषरावांनी घाम पुसला. "बाई, मंग हे रूप सुधारन्यासाठी झालं. नियमात बसत नाई."

"रूप? नऊवारी लुगड्यात मी कोनाले रूप दाखवू? फळ्याले? तुमी गळ्यात एका बाजूले गव्हाची पायली बांधा, अन् दिवसभर लिवून पाहा! मंग इचारीन तुमाले, रूप सुधरलं का!"

आरडाओरडा ऐकून साहेब बाहेर आले. गीताबाईंनी वर्गात शिकवावं तसं खणखणीत आवाजात पहिल्यापासून सांगायला घेतलं. तो शब्द पुन्हा आला तसे साहेब "मंजूर! मंजूर!" म्हणत उभ्यानंच सही करून मोकळे झाले. क्षयाचा हुकूमही त्यांनी रद्द केला.

"पाह्यलं? याले म्हंतेत बोलनं!" गीताबाई ताठ मानेनं कचेरीला लागूनच असलेल्या एसटी स्टँडवर आल्या.

गाडीच्या दारात कंडक्टरनं अदबीनं हात जोडले. "या बाई! कचेरीतलं समदं आयकलं मी, लय तरास हाये तुमाले. खिडकी कोन्या बाजूची देऊ? उजवी का डावी?"

अख्खी गाडी चटकन बाहेर बघू लागली. गीताबाई मधल्या जागेवर जाऊन बसल्या, आणि जानेफळ येईस्तोवर त्यांनी मान वर केली नाही!