निब हलकी, हात जड

पेन कसं निवडावं, हे मला कुणी शिकवू नये! मालवाहतूक कंपनीच्या कचेरीत बसून मी अख्खा जन्म पावत्या फाडल्या आहेत. एका पावतीखाली तीन कार्बन, आणि शेवटच्या प्रतीवरही पत्ता ठसठशीत उठलाच पाहिजे, असा आमच्याकडचा दंडक. माझ्या हाताखालून जितकी पेनं गेली, तितकी एखाद्या दुकानदाराच्याही गेली नसतील. म्हणून बायकोने नवीन पेनाचा विषय काढला तेव्हा मी छाती फुगवून म्हणालो, "तू घरीच थांब. पेन निवडणं म्हणजे माझ्या डाव्या हाताचा मळ!"

यावर ती जराशी हसली. का हसली, ते मला तेव्हा कळलं नाही.

खरं सांगायचं तर विषय निघाला तोच माझ्यामुळे. घरातलं इंटरनेट बंद पडलं होतं. राउटरच्या पाठीमागे एक बारीक भोक असतं, त्यात टोकदार काहीतरी खुपसून आतलं बटण दाबायचं असतं. टाचणी काही सापडेना. टेबलावर बायकोचं शाईचं पेन पडलं होतं. इंटरनेट झकास सुरू झालं! निबेचे दोन पाय मात्र दोन दिशांना गेले.

बरं, ते पेन साधंसुधं नव्हतं. निब लवचिक. हलकं धरलं की केसासारखी रेघ, जरा दाबलं की तीच रेघ पसरून जाड. त्या एका पेनाने ती माणसाचा चेहराही काढायची आणि खाली झोकदार अक्षरात नावही लिहायची. इतकी वर्षं तिने ही चित्रं स्वयंपाकघरात, कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता काढली. आणि आता येत्या रविवारी वाचनालयाच्या कार्यक्रमात तिला पहिल्यांदाच एक टेबल मिळालं होतं. येईल त्याचं चित्र काढायचं, खाली नाव लिहून द्यायचं. ती चिडली असती, ओरडली असती, तर परवडलं असतं. ती मोडकं पेन हातात घेऊन नुसतं म्हणाली, "आता रविवारी मी कशाने काढू?"

शनिवारी सकाळी दुकान उघडायच्या आधीच मी दारात हजर!

दुकानदाराने चष्मा पुसला आणि एक पेन अलगद माझ्यासमोर ठेवलं. "लवचिक निब आहे, साहेब. रेघ खाली ओढताना जरासा दाब, वर नेताना अजिबात नाही."

"अहो, मला शिकवता?" मी म्हणालो आणि सवयीप्रमाणे सही ठोकली. सवय तीन कार्बनची! निबेने जागच्या जागी बसकण मारली.

"दुसरं दाखवा. हे जरा कच्चं दिसतंय."

दुसऱ्या पेनाने कागद फाटला आणि माझी सही खालच्या काचेवर उमटली. दुकानदाराने तिसरं पेन देताना ते सोडलंच नाही. दुसरं टोक त्याच्या हातात, हे टोक माझ्या हातात!

"साहेब, पेन तुम्हालाच हवंय का?" त्याने काकुळतीने विचारलं.

"छे हो, बायकोला."

"मग त्यांच्या हाताचं सांगा ना! दाबून लिहितात, की हलकं?"

आली का पंचाईत! बायकोला फोन करावा, तर फुशारकी कुठे ठेवायची? मी सासूबाईंना फोन लावला.

"आई, एक विचारायचं होतं. हिचा उजवा हात कसा आहे? हलका, की जड?"

"उजवा हात?" पलीकडून सासूबाईंचा आवाज चढला. "उजव्या हाताला काय झालं?"

"काही नाही हो, सहज..."

बोलण्याच्या नादात मी पेन टेकवलं आणि कट्कन आवाज झाला. "तुकडे!" दुकानदार किंचाळला. "तुकडे केले हो यांनी!" त्याला आवरायचं म्हणून मी घाईघाईने फोन ठेवून दिला. सासूबाईंना काय ऐकू गेलं असेल, हा विचार मला शिवलासुद्धा नाही.

शेवटी दुकानदाराने माझी मूठ आपल्या मुठीत धरली आणि पहिलीतल्या पोराकडून गिरवून घ्यावं तशी माझ्याकडून एकेक रेघ काढून घेतली. एका पेनाने मात्र कमाल केली! काय सरकलं, काय वळलं! बारीक, जाड, पुन्हा बारीक! "हेच!" मी म्हणालो. मोडलेल्या पेनांसकट सगळ्याची भरपाई केली आणि विजयी मुद्रेने घरी निघालो.

दाराबाहेर चपलांचा ढीग! आत पाहतो तर सासूबाई, सासरे आणि मेहुणा. मध्ये खुर्चीवर बायको, तिचा उजवा हात गळ्यात झोळीत बांधलेला. मेहुणा दातांचा डॉक्टर. हाडांचं त्याला काही कळत नाही, पण घरातला डॉक्टर म्हणून त्यालाच पुढे केलेलं. तो तिचं कोपर दाबत होता आणि सवयीने म्हणत होता, "आता मोठ्ठा 'आ' कर."

"आले बघा!" सासूबाई कडाडल्या. "जावईबापू, उजव्या हाताचं विचारता काय, तुकडे झाले म्हणून कुणी ओरडतं काय, आणि तुम्ही खुशाल फोन ठेवता? हीही फोन उचलेना! आम्ही कसे धावत आलो, आमचं आम्हाला माहीत!"

"आणि मी ठणठणीत आहे, हे कुणाला पटेना," बायको झोळीतून म्हणाली. "फोन आतल्या खोलीत होता."

"अहो, तुकडे निबेचे झाले!"

"मग उजवा हात कशाला विचारलात?"

"ती ज्या हाताने लिहिते, तोच विचारणार ना!"

मेहुण्याने कोपर सोडलं. आमचे सासरे कधीच बोलत नाहीत. ते खाकरले आणि म्हणाले, "जावईबापू, ती डावखुरी आहे."

मी हसलो. बाकी कुणी हसलं नाही.

"लहानपणापासून?" मी विचारलं.

"नाही, आज सकाळपासून!" बायको म्हणाली.

आता माझी बाजूही ऐका. मी जेवायला, चहाला, भांडायला नेहमी तिच्या समोर बसतो. समोरून पाहिलं की तिचा डावा हात माझ्या उजव्या बाजूलाच येतो! ही बाजू मी तिथेही मांडली. सासूबाईंनी कपाळाला हात लावला.

बायकोने झोळी काढून टाकली आणि नवीन पेन डाव्या हातात घेतलं. मी उजव्या हाताने ओढत होतो ती निब ती आता डाव्या हाताने पुढे ढकलत होती. निब कागदात रुतली, अडखळली आणि टण्णकन सुटली. सासऱ्यांच्या पांढऱ्या शर्टावर निळे ठिपके! पुन्हा प्रयत्न, पुन्हा ठिपके. तिसऱ्या वेळी तिने पेन खाली ठेवलं. डोळे भरून आले होते तिचे. "जुनं माझ्या हाताला बसलं होतं हो," ती हळूच म्हणाली. मला इतकी लाज वाटली, की स्वतःच त्या राउटरच्या भोकात शिरून बसावं.

दुकान अजून उघडं होतं. पण दुकानदार मला पुन्हा आत घेईल, ही आशा नव्हती.

"बघू तरी कुठे अडतंय," असं म्हणत मी तिचा कागद लावलेला चित्राचा पुठ्ठा माझ्याकडे ओढला. तो गर्रकन आडवा फिरला. "अहो, आता फाडाल!" म्हणून तिने पेनानेच तो दाबून धरला आणि पुठ्ठा सरकला तशी कागदावर एक रेघ उमटली. बारीक, जाड, पुन्हा बारीक!

ती बघतच राहिली. मग पुठ्ठा तसाच आडवा ठेवून तिने दुसरी रेघ काढली. कागद फिरवल्यावर निब ढकलावी लागत नव्हती, आपसूक ओढली जात होती. संध्याकाळपर्यंत तिने सासऱ्यांचा चेहरा काढला, ठिपक्यांच्या शर्टासकट!

रविवारी तिच्या टेबलासमोर ही रांग! आडव्या पुठ्ठ्यावर भराभर चेहरे उतरत होते, खाली नावं लिहिली जात होती. पुठ्ठा धरायचं काम माझ्याकडे. या खेपेला मी मुद्दाम तिच्या डाव्या बाजूला उभा राहिलो. यापुढे बायकोकडे नीट लक्ष द्यायचं, असा माझा निश्चयच झाला होता. सकाळभर मी तिला न्याहाळत होतो.

गर्दी ओसरल्यावर मी हळूच वाकून म्हणालो, "अगं, इतक्या वर्षांत माझं कधी लक्षच गेलं नाही. तुझ्या डाव्या गालावरचा तो तीळ किती गोड दिसतो!"

तिने माझ्याकडे पाहिलं. रुमालाचं टोक पाण्यात बुडवलं आणि तीळ पुसून टाकला.