पाच माणसांचा स्टँड

"पोरगी पन्नास किलोची तं असन न?"

कंपाउंडच्या भिंतीपलीकडून मोटघरे काका बाबांना विचारत होते. मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते, तशीच खाली बसले. बाबांनी वर पाहिलंसुद्धा नाही. म्हणाले, एक-दोन किलो कमी भरेल, पण चालेल.

मोटघरे काका बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले. काकी गेल्यापासून बोरगाव मेघेतल्या त्या घरात एकटेच. कुठलंही वजन ते शेवटी माणसांत सांगतात. त्यांचं कपाट दोन माणसांचं, कूलर अर्ध्या माणसाचा. चार फुटांची माशांची काचेची टाकी पाण्यासकट पाच माणसांची. म्हणून तिच्यासाठी घरी बनवलेल्या स्टँडवर आधी पाच माणसं बसली पाहिजेत. बाबा, किराणावाले राठी शेठ, डोंगरे सर आणि डोंगरे बाई असे चार झाले होते. पाचवी मी.

मला कुणाकडे जायला आवडत नाही, वजन म्हणून तर नाहीच. पण स्टँड पाहिला आणि मी लाजायचं विसरले. जुन्या दाराची सागवानी चौकट कापून केलेले पाय, माझ्या दंडाहून जाड. आडव्या पट्ट्या पायांना नुसत्या बोल्टांनी जोडल्या नव्हत्या, खाचा करून त्यांत टेकवल्या होत्या, म्हणजे सगळा भार लाकडावरच. सांध्यात माझं नख शिरेना.

"खिळा पाहुना असते," काका म्हणाले. "बोल्ट घरचा. आन् खाच म्हनजे सख्खा भाऊ."

परीक्षा अशी. स्टुलावर पाय देऊन वर चढायचं. तिघांनी पुढे तोंड करायचं, दोघांनी मागे. मधोमध काठोकाठ भरलेली वाटी. चहा संपेपर्यंत उठायचं नाही. "मानूस उठून जाते, पानी उठत नाई," हे काका रोज बजावत. डोंगरे बाई म्हणाल्या, माशांसाठी एवढं, आणि आमच्याकडे खाटेचा पाय दोन वर्षांपासून विटेवर आहे. सर कपात पाहत राहिले.

पहिल्या दिवशी वाटी हिंदकळली आणि शेठचा पायजमा भिजला. काकांनी जाहीर केलं, नापास, उद्या पुन्हा. उद्याही नापास. परवाही. चौथ्या दिवसापासून चहाबरोबर आलूबोंडे आले. शेठ त्या वेळी दुकानाचं शटर अर्धं ओढून येऊ लागले. गप्पा स्टँडवरून गल्लीवर, गल्लीवरून राजकारणावर जात. मी एक शब्दही बोलत नव्हते, पण मागची, खिडकीकडची जागा माझी ठरून गेली होती.

अकराव्या दिवशी मी जरा लवकर पोहोचले. दार उघडं होतं. काका फरशीवर आडवे पडून स्टँडच्या पायाखालची लाकडी पाचर काढत होते. फरशीला उतार होता, तो सांभाळायला त्यांनीच बसवलेली. पाचर खिशात टाकली, स्टँड हलवून पाहिला. हलला. मग ते समाधानानं पाच कप मांडायला आत गेले.

मी हळूच फाटकापर्यंत मागे आले आणि चपला वाजवत पुन्हा आत गेले. त्या दिवशीही स्टँड नापास झाला.

दोन दिवसांनी राठी शेठ वेळेआधीच आले. हातात पिशवी, पिशवीत पाणी, पाण्यात दोन गोल्डफिश. मागोमाग आम्ही सगळे. काकांना फरशीवर आडवं व्हायला वेळच मिळाला नाही; रात्री परत बसवलेली पाचर पायाखालीच राहिली.

आम्ही बसलो. स्टँड जमिनीतून उगवल्यासारखा उभा. वाटीतल्या पाण्यात वरचा बंद पंखा दिसत होता, तिन्ही पाती स्पष्ट.

"पास झाला न भाऊ," शेठ म्हणाले. "टाका आता पानी. उद्यापासून आमाले सुटी."

बाबा उतरण्यासाठी पाय खाली सोडायला लागले. काकांनी मान हलवली. बरोबर आहे, म्हणाले, किती दिवस तुम्हाले तरास देऊ. मग ते मांडलेले कप एकात एक घालायला लागले. चहा अजून ओतायचाच होता.

 तेरा दिवसांत त्या खोलीत मी पहिल्यांदाच तोंड उघडलं.

"काका, माझ्या बाजूनं अजून हलतंय."