पल्लवीची ओटी आणि माझी पाठ

"योगानं गरोदर बाईचं मन कसं तळ्यासारखं शांत होतं!" त्या शुक्रवारी सकाळी मी आईला ठणकावून सांगितलं. सातवा महिना, पहिलं बाळंतपण, म्हणून मी नाशिकला माहेरी आले होते. गंगापूर रोडवरच्या योगवर्गाला महिना झाला होता. कंबर हलकी झाली होती, झोप लागत होती, डॉक्टरीणबाई खूश होत्या. फक्त तळं तेवढं शांत नव्हतं!

कारण वर्गातलीच पल्लवी. माहेर सुरगाण्याचं, नवरा सातपूरला कारखान्यात, आई भातलावणीत अडकलेली. वर्गात प्रत्येकीला टेकायला घरची एक बाई बसायची, पल्लवीला भिंत. आईनं पहिल्याच दिवशी ते पाहिलं. तेव्हापासून पाच मिनिटं माझ्या पाठीशी, दहा मिनिटं तिच्या! घड्याळ मी बघत होते ना!

त्या दिवशी आईनं वर्गातच ओटीचं सामान आणलं. "दोघींची भरते," म्हणाली, आणि बसली पल्लवीसमोर.

"मावशी, आधी ताईची भरा ना."

"तिला मी रोजचीच आहे गं. तुझी आई इथं नाही."

ओटी म्हटल्यावर बाकीच्यांच्या सासवाही आल्या होत्या. त्यांना वाटलं, हीच इंदिराबाईंची, म्हणजे माझ्या आईची, लेक! पल्लवीला हळदीकुंकू लावायला रांग लागली. "नाक अगदी आईचं हो!" त्यातल्या एकीनं माझ्याकडे वळून विचारलं, "तुम्ही शेजारच्या का?"

माझ्या तळ्यात म्हैस उतरली. "आई गं! पाठ!" मी किंचाळले.

मग काय विचारता! एका सासूनं कोमट तेल मागवलं, दुसरीनं रिक्षा. योगशिक्षिका मोहिनीताई पांढऱ्याफटक. पल्लवी स्वतःचं पोट सावरत माझे तळवे चोळायला लागली. त्याचा तर मला जास्तच राग आला! दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तपासलं. "सगळं उत्तम आहे. योग चालू ठेवा. चेहरा किती प्रसन्न दिसतोय!"

दिसणारच. आईनं माझा हात घट्ट धरला होता.

परतताना रिक्षात आईनं विचारलं, "आभा, खरंच दुखत होतं ना?"

"म्हणजे काय! जीव जायची वेळ आली होती!"

"बरं," आई म्हणाली. "तुझी ओटी राहिलीच बघ. उद्या भरू."

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा ठेवता ठेवता आई कोसळली, आणि गेली.

तीन आठवड्यांनी मी वर्गाला गेले. मी भिंतीकडे सरकत होते, तोच पल्लवीनं आपली चटई ओढून माझ्या पाठीला पाठ लावली. "टेका ताई. मला काय जड नाय."

"डोळे मिटा. श्वास सोडा," मोहिनीताई म्हणाल्या. "बोलायचं नाही."

मी श्वास सोडला, आणि सगळ्या वर्गाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं बोललेच.

"आई, पाठ दुखत नव्हती गं. तू माझ्याकडे बघत नव्हतीस, म्हणून ओरडले."