गोपनीय अहवाल, मोठ्याने

घड्याळाचा सेल बदलताना साहेब स्टुलावरून पडले आणि त्यांची दोन्ही मनगटे प्लास्टरमध्ये गेली. कर्मचाऱ्यांचे गोपनीय अहवाल मात्र पाच वाजेपर्यंत वरिष्ठांकडे पोहोचायला हवे होते. शेवटी त्यांच्या मुलीने संगणकावर बोललेले टिपून घेण्याची सोय करून दिली. साहेबांनी केबिनचे दार पायाने लोटले आणि सांगायला सुरुवात केली.

केबिनची भिंत छतापर्यंत पोहोचत नव्हती. आजवर ते कुणाला जाणवले नव्हते, कारण हाताने लिहिताना साहेब बोलत नसत.

"दफ्तर विभाग. काम समाधानकारक, वर्तन समाधानकारक. पूर्णविराम."

बाहेर दफ्तर सांभाळणारे अण्णा खुलले. "ऐकलंत ना बाई?"

"पत्रव्यवहार विभाग," आतून आवाज आला. "काम समाधानकारक, वर्तन समाधानकारक. पूर्णविराम."

अण्णांचा चेहरा उतरला. "म्हणजे आपलं दोघांचं सारखंच?"

दरवर्षी या अहवालांसाठी साहेब तीन दिवस दार लावून बसत आणि सारे कार्यालय चवड्यांवर चालत असे. पत्रव्यवहार पाहणाऱ्या बाई उठल्या आणि थेट आत गेल्या.

"थांब," साहेब संगणकाला म्हणाले.

"साहेब, या शेऱ्यावर बढती मिळत नाही. सहा वर्षं वाट बघतेय मी."

"बाई, हे गोपनीय असतं."

"मग हळू बोला."

"हळू बोललं की याला कळत नाही हो."

साहेब ओशाळले. ते दुष्ट नव्हते. एकदा जमलेले वाक्य त्यांनी नोकरीभर जपले होते, इतकेच. "मागचं खोड," त्यांनी संगणकाला सांगितले. "बरं, काय लिहायचं ते तुम्हीच सांगा. लिही रे."

बाईंनी सवयीप्रमाणे कार्यालयीन भाषेत सांगितले, "नऊ वर्षांत एकही पत्र उत्तराविना राहिलेले नाही. नवे कर्मचारी त्यांच्याकडूनच काम शिकतात. साहेबांच्या पत्रांतील चुकीच्या तारखा त्या न बोलता दुरुस्त करतात."

"थांब," साहेब घाईने म्हणाले. "तारखा चुकतात माझ्या?"

"परवा एकतीस जून घातली होतीत."

साहेब पडद्याकडे पाहत राहिले. शेवटचे वाक्य वरिष्ठांच्या नजरेस न पडलेलेच बरे होते. पण ते काढायचे, तर "खोड" असे बाईंच्या देखत, मोठ्याने म्हणावे लागणार होते.

त्यांनी घसा साफ केला.

"लिही. पूर्णविराम."

भिंतीपलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. "साहेब," अण्णांनी विचारले, "मी येऊ का आत?"