राहिलेला एक कागद

"काका, इथल्या चाळीस पट्ट्या कुठे गेल्या?"

"या काय, मॅडम! एकावर एक रचून ठेवल्यात. वर पेपरवेटसुद्धा ठेवलाय."

बाईंनी पेपरवेट उचलला. खाली पट्ट्या नव्हत्याच, मधाच्या रंगाची एक वीट होती. एरंडेलापासून प्लास्टिक करायचं, ते तुटलं तर आपलं आपण जुळलं पाहिजे आणि जुनं झालं की वितळवून पुन्हा नवं झालं पाहिजे, या खटाटोपात बाईंची तीन वर्षं गेली होती. महिन्यापूर्वी कापलेल्या त्या पट्ट्या एकमेकींना चिकटू नयेत म्हणून मध्ये बटर पेपर घातले होते.

"ते तेलकट कागद होय? केरात टाकले," स्टोअरचे काका अभिमानाने म्हणाले. टापटीप हा त्यांचा जन्माचा आजार होता. "किती पसारा करता हो तुम्ही!"

अकरा वाजता अनुदान देणाऱ्या संस्थेचे तपासनीस येणार होते. ते नाही म्हणाले की प्रयोगशाळेला कुलूप. बाईंनी सुरी घेतली, पण पुढे कापावं तर मागे जुळत होतं. काकांनी मदत म्हणून वीट गच्च दाबून धरली.

"दाबू नका हो! आणखी चिकटतंय!"

"मग वितळवा ना. पुन्हा नवं होतं म्हणता."

"होतं! चार दिवसांनी!"

बाईंना आता रडावं की ओरडावं तेच कळेना.

तपासनीसांनी विटेला भिंग लावलं. बाईंनी कापून, जोडून दाखवलं.

"ताजं कापलेलं लोणीही जुळतं," ते म्हणाले. "महिनाभर सुटे राहिलेले तुकडे जुळतात, असं तुम्ही लिहिलंय. ते दाखवा."

"ही वीट म्हणजे तेच तुकडे आहेत!"

"ही सरळ साच्यात ओतलेली नाही कशावरून?"

बाईंनी वीट उलटूनपालटून पाहिली. काम इतकं चोख झालं होतं की त्याचा पुरावाच उरला नव्हता. तेवढ्यात तपासनीसांच्या नखाला काहीतरी लागलं. कागदाचं टोक! त्यांनी ओढलं, तशी वीट तिथेच दुभंगली. एका बाजूच्या पट्टीवर सतरा नंबर, दुसऱ्या बाजूच्या पट्टीवर अठरा, खाली महिन्यापूर्वीची तारीख. त्यांनी दोन्ही भाग एकमेकांवर ठेवले, थोडं थांबले आणि मग लालबुंद होईपर्यंत ओढले. सुटतील तर शपथ. त्यांनी मुकाट्याने सही केली.

बाईंनी आनंदाने काकांचे हात धरले. काकांचा चेहरा मात्र उतरला होता.

"एक कागद राहिला? माझ्या हातून?" ते पुटपुटले. "माफ करा, मॅडम. पुन्हा असं होणार नाही."